मूकनायकाचे वारस आणि इंटरनेटवरील वाक्‌स्वातंत्र्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संविधान दिनाच्या सकाळी, नित्याच्या बुद्धवंदनेनंतर, शाळेच्या प्रांगणात उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले. वाचन संपल्यावर दहावीचा एक विद्यार्थी आमच्यापाशी आला. त्याच्या थोरल्या भावाने गावाच्या व्हॉट्सॲप गटात कोरड्या नळाचे छायाचित्र टाकले होते आणि लिहिले होते की, गावात रोज पाणी येते, आपल्या वस्तीत मात्र चौथ्या दिवशी. गावाची बदनामी झाली अशी कोणीतरी तक्रार केली. भावाला ठाण्यात बोलावण्यात आले, दिवसभर बसवून ठेवण्यात आले, त्याच्याकडून माफीनामा लिहून घेण्यात आला आणि त्याचा मोबाईल तीन दिवस ठेवून घेण्यात आला. गुन्हा नोंदला गेला नाही. विद्यार्थ्याचा प्रश्न साधा होता. "सर, आत्ता आपण वाचलं ते अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मोबाईलला लागू नाही का?"

आम्ही त्यास कलम १९ सांगितले. हक्क आहे, त्यावर निर्बंधही आहेत, असे पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. तो मान हलवून निघून गेला. परंतु त्याचे समाधान झाले नव्हते आणि आमचेही झाले नव्हते. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अपुऱ्या उत्तराची पूर्तता करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन भिंती

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. त्या काळी आपले म्हणणे चार लोकांपर्यंत पोहोचवायचे तर कागद, छापखाना, टपालखर्च आणि वर्गणीदार लागत. त्यावर १९१० च्या मुद्रण कायद्याची तलवार होती. सरकार छापखान्याकडून अनामत रक्कम मागू शकत असे आणि मजकूर न रुचल्यास ती जप्त करू शकत असे. ही राज्यसत्तेची भिंत.

दुसरी भिंत समाजाची होती. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केल्यावरही 'केसरी'ने छापली नाही, अशी नोंद बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. ज्या पत्राचे संपादक स्वतःच्या लेखणीपायी दोनदा राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले, त्याच पत्राच्या जाहिरातीच्या रकान्यात अस्पृश्यांच्या पाक्षिकाला जागा नव्हती. पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रण दिले, भाषणाची मुद्रित प्रत पाहिली, मजकूर बदलण्याचा आग्रह धरला आणि बाबासाहेबांनी नकार देताच परिषदच रद्द केली. ते न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावाने आज ते जगभर वाचले जाते.

'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रांची मालिका झाली. यांतील प्रत्येक पत्र पैशाच्या चणचणीशी झुंजत चालले. आज वस्तीतील मुलाच्या हाती मोबाईल आहे. त्यास छापखाना नको, अनामत नको, कोणा संपादकाची मेहेरबानी नको. शतकापूर्वी ज्यासाठी एका महापुरुषाला सर्वस्व पणाला लावावे लागले, ते साधन आज सामान्य माणसाजवळ आहे. इंटरनेटवरील वाक्‌स्वातंत्र्याचा प्रश्न हा शहरी, सुशिक्षित लोकांचा शौकाचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. ज्याच्यासाठी वृत्तपत्राची दारे बंद होती, त्याचाच हा प्रश्न सर्वांत आधी आहे.

कलम १९ आणि 'वाजवी' या शब्दाचा जन्म

संविधानाच्या अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडातील (क) हा उपखंड प्रत्येक नागरिकास भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. त्यात छापील, तोंडी, हस्तलिखित असा भेद केलेला नाही. साधन कोणतेही असो, हक्क तोच आहे. दुसरा खंड त्या हक्कावर निर्बंध घालण्याची मुभा राज्याला देतो. पण ती मोजक्या कारणांसाठीच. ती कारणे आठ आहेत : भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी. ही यादी पूर्ण आहे, तिच्याबाहेरचे नववे कारण काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. या यादीत 'गावाची बदनामी' नाही, 'कोणाला तरी राग आला' हेही नाही.

या दुसऱ्या खंडाचा इतिहास आपण प्रामाणिकपणे जाणून घेतला पाहिजे, कारण तो बाबासाहेबांशी निगडित आहे. संविधान अमलात आल्यावर चारच महिन्यांत, मे १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाचा; मद्रास सरकारने त्याला आपल्या प्रांतात बंदी केली होती. दुसरा दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'चा. त्यावर प्रकाशनपूर्व तपासणीची सक्ती होती. परस्परविरोधी विचारांच्या या दोन्ही पत्रांना न्यायालयाने न्याय दिला, कारण त्या वेळी दुसऱ्या खंडात सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण नव्हते.

त्यानंतर १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली. सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्री आणि अपराधास चिथावणी ही कारणे वाढविण्यात आली. कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांनी संसदेत या दुरुस्तीचे समर्थन केले. बाबासाहेब निरंकुश वाक्‌स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते. मूलभूत हक्कांना अपवादांनी पोखरले आहे, असा आक्षेप संविधान सभेत घेतला गेला, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी अमेरिकन न्यायालयाच्या निकालाचा दाखला देऊन दाखविले होते की, तेथेही हे हक्क निरपवाद नाहीत.

परंतु त्याच दुरुस्तीने दुसऱ्या खंडात आणखी एक शब्द आणला : 'वाजवी'. तोपर्यंत या खंडात तो नव्हता. निर्बंध वाजवी असले पाहिजेत असे म्हटल्याबरोबर निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला. कारणांची यादी लांबली हे खरे. पण राज्याच्या हातावर मोजपट्टी धरण्याची सोयही झाली. त्या मोजपट्टीचा सर्वांत मोठा उपयोग चौसष्ट वर्षांनी झाला, आणि त्याचे निमित्त आपल्याच महाराष्ट्रात घडले.

पालघर, नोव्हेंबर २०१२

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की, हा बंद आदरापोटी पाळला जात नसून भीतीपोटी पाळला जात आहे. तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. तिच्या लिखाणात हिंसेची हाक नव्हती, शिवी नव्हती, कोणाविषयी खोटी माहितीही नव्हती. ते एक मत होते.

पोलिसांनी लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. २००८ च्या दुरुस्तीने हे कलम कायद्यात आले आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संगणक किंवा मोबाईलवरून कोणी अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठविला, अथवा खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष वगैरे निर्माण करण्यासाठी वारंवार पाठविली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, असे त्याचे स्वरूप होते. 'आक्षेपार्ह' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात कोठेही नव्हती. ती व्याख्या तक्रारदाराच्या रागात आणि ठाणे अंमलदाराच्या मर्जीत होती. रामपूर येथील दलित लेखक कंवल भारती यांनाही ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारवरील टीकेच्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. शब्द अस्पष्ट असला की तो कोणावर पडतो, हे यावरून दिसते.

पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. इतर अनेक याचिका तिच्यासोबत जोडल्या गेल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम ६६-अ संपूर्णतः घटनाबाह्य ठरविले.

निकालाने शिकविलेला भेद

या निकालातील तीन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट. न्यायालयाने अभिव्यक्तीच्या तीन पायऱ्या सांगितल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या विषयाची चर्चा करणे हा हक्क आहे. एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे, मग ते मत बहुसंख्यांना कितीही अप्रिय असो, हाही हक्क आहे. बोलणे चिथावणीच्या पायरीला पोहोचते तेव्हाच सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली कायदा हात घालू शकतो. वस्तीत पाणी येत नाही असे म्हणणे ही चर्चा. पाणी मिळेपर्यंत मोर्चा काढू या असे म्हणणे हा पुरस्कार. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला मारा असे म्हणणे ही चिथावणी. पहिली दोन वाक्ये संविधानाच्या छायेत आहेत, तिसरे नाही.

दुसरी गोष्ट. ज्या कायद्याचे शब्द इतके अस्पष्ट आहेत की कोठे गुन्हा होतो हे नागरिकाला कळत नाही आणि पोलिसालाही कळत नाही, तो कायदा वाजवी असू शकत नाही. अशा कायद्याखाली शिक्षा थोड्यांना होते. पण त्याच्या धाकाने हजारो माणसे बोलण्यापूर्वीच गप्प बसतात. आमच्या विद्यार्थ्याच्या भावावर गुन्हा नोंदला गेला नव्हता हे येथे आठवावे. तरीही त्यानंतर त्या गटात पाण्याविषयी कोणी काही लिहिले नाही.

तिसरी गोष्ट. इंटरनेट हे वेगळे माध्यम आहे, त्याचा वेग आणि पल्ला वेगळा आहे, म्हणून त्यासाठी वेगळे गुन्हे ठरविता येतील, हे न्यायालयाने मान्य केले. पण माध्यम वेगळे म्हणून संरक्षण कमी, हे मान्य केले नाही. इंटरनेटवरील शब्दावर निर्बंध घालायचा असेल तर तोही त्या आठ कारणांतूनच घालावा लागेल.

सरकारविषयीच्या मजकुराबाबतही हाच नियम लागला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये नियमांत आली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचे मत विभागले गेले. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. सरकार ज्या वादात पक्षकार आहे, त्याच वादाचा निवाडा सरकारने करू नये, हे सामान्य माणसालाही पटणारे तत्त्व आहे.

मेलेल्या कलमाचे भूत

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. पण रद्द झालेले कलम ६६-अ पुढे अनेक वर्षे ठाण्यांतून वापरले जात राहिले. त्याखाली गुन्हे नोंदविले जात, न्यायालयांत खटले चालत. ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा न्यावी लागली. २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्व राज्यांच्या पोलीस यंत्रणेपर्यंत पोहोचविण्याचा आदेश झाला. तरीही प्रकार थांबेना. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने आदेश दिला की, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही आणि प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख काढून टाकावा.

सर्वोच्च न्यायालयाचा शब्द तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचायला साडेसात वर्षे पुरली नाहीत, यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. सांविधानिक नीतिमत्ता ही आपोआप उगवत नाही, ती जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते. हक्क ग्रंथात लिहिला म्हणून जगत नाही. तो नागरिकाच्या माहितीत आणि अंमलदाराच्या सवयीत उतरावा लागतो.

अलीकडचे दोन निकाल याच दिशेचे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शिकविणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सॲपच्या 'स्टेटस'वर अनुच्छेद ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा दिवस असल्याचे लिहिले आणि पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनी त्या देशाला शुभेच्छा दिल्या, म्हणून गुन्हा नोंदला गेला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे, असे सांगतानाच वाक्‌स्वातंत्र्याच्या तत्त्वाचे शिक्षण पोलिसांना देण्याची वेळ आली आहे, असे न्यायालय म्हणाले. मार्च २०२५ मध्ये, समाजमाध्यमावरील चित्रफितीतील एका कवितेवरून गुजरातमध्ये एका खासदारावर नोंदविलेला गुन्हाही रद्द झाला. दोन्ही निकालांत न्यायालयाने नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. विवियन बोस यांनी १९४६ मध्ये घालून दिलेली कसोटी स्वीकारली : शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या मापाने जोखावा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या मापाने जोखू नये.

आपलीच एक अडचण

आता आपण स्वतःकडे वळू. वाक्‌स्वातंत्र्याचा पुरस्कार करणे आपल्याला वाटते तितके सोपे नाही. समाजमाध्यमे उघडली की आरक्षणावरून टोमणे, जातीवरून शिव्या, महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे समोर येतात. ती पाहून आपल्या मुलांचे रक्त तापते. असल्या लिहिणाऱ्यांना सरसकट तुरुंगात टाकणारा कायदा हवा, असे म्हणावेसे वाटते. आम्हांलाही कित्येकदा तसे वाटले आहे.

परंतु इतिहास उलटे सांगतो. 'ज्याने कोणाचे मन दुखावेल ते सर्व गुन्हा' असा कायदा केला, तर तो प्रथम वापरतो ज्याची ठाण्यात ओळख आहे तो. मनुस्मृतीचे दहन कोणाच्या भावना दुखविणारे नव्हते? बावीस प्रतिज्ञा कोणाच्या भावना दुखविणाऱ्या नव्हत्या? भावना दुखावणे हीच कसोटी धरली असती, तर बाबासाहेबांचे निम्मे साहित्य जप्त झाले असते. ज्या समाजाचे अवघे आंदोलन प्रस्थापितांना न रुचणाऱ्या शब्दांवर उभे आहे, त्या समाजाने रुंद आणि अस्पष्ट कायद्याची मागणी करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

मग अपमान निमूटपणे सोसावा काय? मुळीच नाही. त्यासाठी नेमका कायदा आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, आणि त्यातील २०१५ ची दुरुस्ती, यांनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा सार्वजनिक दृष्टिक्षेपातील ठिकाणी, मानहानी करण्याच्या हेतूने अपमान करणे, तसेच या समाजांविरुद्ध शत्रुत्व वा द्वेष पसरविणे हे गुन्हे आहेत. इंटरनेटवर सर्वांना पाहता येईल असा अपमानही सार्वजनिक दृष्टिक्षेपात येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. या तरतुदींत कोणी, कोणाविरुद्ध, कोणत्या हेतूने, कोठे, हे सारे सांगितलेले आहे. ६६-अ आणि हा कायदा यांतील फरक हाच. एकाने 'आक्षेपार्ह' असा मोघम शब्द वापरला; दुसऱ्याने अस्पृश्यतेच्या इतिहासातून ओळखू येणारी विशिष्ट इजा नेमकेपणाने मांडली.

याच कायद्यात दिवंगत आदरणीय व्यक्तीचा अनादर करण्याविषयीही तरतूद आहे. विटंबनेविरुद्ध ती जरूर वापरावी. पण 'अनादर' हा शब्दही रुंद आहे, याचे भान ठेवावे. बाबासाहेबांच्या एखाद्या मताची चिकित्सा करणारा अभ्यासक आणि त्यांच्या पुतळ्याची विटंबना करणारा समाजकंटक यांना एकाच पंक्तीत बसवू नये. राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे नेते, हे आपल्याला सांगणारे बाबासाहेबच होते.

वाहिनीच बंद केली तर?

शब्दावर बंदी घालण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शब्द वाहून नेणारी वाट बंद करणे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि चालणारा व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही आणि तिचा वेळोवेळी फेरविचार झाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. या तीन सदस्यीय पीठावर अमरावतीचे न्या. भूषण गवई होते, जे पुढे मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. निकालानंतरही तेथे पूर्ण वेगाचे मोबाईल इंटरनेट सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला, हेही नमूद केले पाहिजे.

वसतिगृहात राहणाऱ्यांना जवळचा वाटेल असा एक निकाल केरळचा आहे. कोझिकोड जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरण्यास मनाई होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला काढून टाकण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. आपल्या शाळेत मुलांचे मोबाईल कार्यालयात जमा असतात, हा विरोधाभास नव्हे काय, असे माजी विद्यार्थी विचारतील. ती विद्यार्थिनी सज्ञान होती, आपली मुले अज्ञान आहेत, हा कायद्याचा भेद आहे. पण तेवढ्यावर आम्ही थांबत नाही. मुलांकडून मोबाईल काढून घेतो, तेव्हा तो उद्या हाती येईल त्या दिवसासाठी त्यांना तयार करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ते शिक्षण नसेल तर आपली बंदी ही केवळ बंदीच ठरेल.

कायदा आणि शील

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाणी सांगितली. असत्य, चहाडी, कठोर भाषण आणि निरर्थक बडबड यांपासून विरत राहणे ही तिची चार अंगे. बोलणे योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीच्या चित्ताने असावे, असाही उपदेश आहे. या दंडकांचा कायदा करावा काय? आमचे उत्तर नाही असे आहे. शील हे माणसाने स्वतः स्वीकारायचे असते. शिक्षापदे घेताना आपण 'ग्रहण करतो' असे म्हणतो, कोणी आपल्यावर लादत नाही. कठोर बोलणे हा शीलभंग आहे, पण तो दरवेळी गुन्हा नाही. कायद्याने जेवढे मोकळे सोडले, तेवढे सगळे बोलावेच असे नाही. आणि शीलाने जेवढे वर्ज्य केले, तेवढ्या सगळ्यासाठी पोलीस बोलवावा असेही नाही. या दोहोंची गल्लत झाली की एकतर समाज बेताल होतो, नाहीतर राज्य जुलमी होते.

म्हणून मोबाईलवर मजकूर पाठविण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. हे खरे आहे याची मी खात्री केली आहे काय? यात कोणाला मारण्या-जाळण्याची चिथावणी आहे काय? यात कोणाच्या जातीचा, धर्माचा, स्त्रीत्वाचा अवमान आहे काय? हे मी भर चौकात, माझ्या नावाने म्हणू शकेन काय? उत्तरे समाधानकारक असतील, तर निर्भयपणे लिहावे.

त्या विद्यार्थ्यास उत्तर

आमचा तो विद्यार्थी आता माजी विद्यार्थी झाला आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल अशी आशा आहे. त्यास आता आमचे उत्तर असे :

तुझ्या भावाने लिहिले ती चर्चा होती आणि ती संविधानाच्या संरक्षणात होती. त्याने माफी मागण्याचे कारण नव्हते. पुन्हा असा प्रसंग आला तर ठाण्यात उद्धटपणा करू नये. परंतु कोणत्या कलमाखाली बोलावले आहे हे विचारावे आणि लेखी नोटीस मागावी. मोबाईल घेतला तर त्याचा पंचनामा आणि पोच मागावी. अटक झाली तर वकिलाचा सल्ला घेणे हा अनुच्छेद २२ चा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) नुसार, तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात नोंदीपूर्वी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. भाषणाच्या प्रकरणांत ती वाट घेणे उचित होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या निकालात सांगितले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे सारे एका वहीत लिहून समाजमंदिरात टांगून ठेवावे.

आणि एक गोष्ट आम्ही त्या दिवशी सांगावयास हवी होती, ती राहून गेली. भावाला एकटे बसवून ठेवण्यात आले, कारण तो एकटा होता. त्या सकाळी वस्तीतील पाच माणसे, हाती संविधानाची प्रत घेऊन, ठाण्याच्या ओसरीवर शांतपणे बसली असती, तर माफीनामा लिहून घेणे इतके सोपे गेले नसते. 'मूकनायक' हे एका माणसाचे पत्र होते, पण त्याच्या पाठीशी एक जागा होऊ पाहणारा समाज होता. आज प्रत्येकाच्या हातात पत्र आहे. पाठीशी समाज आहे की नाही, हे आपण सर्वांनी ठरवावयाचे आहे.

नमो बुद्धाय. जय भीम. जय संविधान.